एकेचाळीस टॅगांवर माझंच नाव

...आणि वर मलाच मानाने 'पाक' म्हणून विचारतात, 'पाक दर्सोनो, एकदा लावलेला टॅग हलवायचा नाही, हा नियम कोणी लिहिला होता?' मीच लिहिला होता, ठळक अक्षरांत... पण तुम्हाला सांगतो, मी फक्त आवराआवर करायला गेलो होतो.

म्हणजे आमचा एक छोटा प्रोग्राम आहे, शाळांच्या वाचनालयांतली पुस्तकं नोंदवणारा, फुकट, हवा त्याने घ्यावा, हवा त्याने सुधारावा. मी आणि माझी बायको वेनिंग, दोघांनी योग्याकार्तातल्या घरी बसून बारा वर्षं वाढवला. नवी आवृत्ती निघाली की तिला टॅग लावायचा, बरणीला चिठ्ठी लावतात तसा... कितवी आवृत्ती, कोणी लावला, कधी, आणि खाली दोन ओळी. हे काम वेनिंगचं. आता माणसं त्या दोन ओळींत 'किरकोळ दुरुस्त्या' लिहितात, आणि ही काय लिहायची? 'शोध चालू झाला, गुडेग मात्र करपला.' फणसाची भाजी ती. नाहीतर, 'मास म्हणतो चूक त्याची नाही. त्याचीच होती.' मास म्हणजे मी. चारशे वाचनालयांत गेलं हे.

गेल्या वर्षी ती गेली.

मग मध्यंतरी मकास्सरहून बेस्सेचं पत्र. ही बँकेत नोकरी करून आमच्या प्रोग्रामला हातभार लावते; वेनिंगला 'बु', म्हणजे बाई, म्हणायची. 'पाक, काही टॅगांच्या नावापुढे v आहे, काहींच्या नाही, यंत्र गोंधळतं.' म्हटलं, एवढं तर आपल्याला जमेल. तीन ओळींचा आदेश लिहिला... जुना काढ, नव्या नावाने लाव. एकेचाळीस टॅग अर्ध्या मिनिटात रांगेत उभे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की सर्व्हरवरचे जुने पुसले, घरच्या प्रतीतला केरही काढला. आवराआवर करायला गेलो होतो ना मी.

सकाळी बेस्सेचा फोन. 'पाक, सगळे टॅग तुमच्या नावावर कसे? तारीखही कालचीच. बु वेनिंगच्या ओळी कुठं गेल्या?'

कुठं जाणार... नवा टॅग लावला की लावणाऱ्याचं नाव पडतं, जुन्याच्या ओळी जुन्यासोबतच जातात, हे मी लोकांना शिकवतो. तिचा लॅपटॉप? तो मीच कोरा करून शाळेला दिलेला.

शेवटी सगळ्यांना जाहीर पत्र लिहिलं, माफी मागितली, कोणाकडे जुनी प्रत असेल तर द्या म्हटलं. बाकीच्यांच्या प्रती रात्रीतच आपोआप नव्या झालेल्या; उत्तर आलं वोनोसारीच्या ग्रंथपालाचं, पाक सर्विजीचं. याला मी दोनदा चारचौघांत झापलंय, नव्या दुरुस्त्या उतरवून घेत नाही म्हणून. तो लिहितो, 'बु वेनिंग गेल्यापासून मी काही घेतलं नाही. मन झालं नाही. सगळं आहे तसं आहे.'

एकेचाळीसच्या एकेचाळीस. शेवटचा तिने हॉस्पिटलातून लावलेला; त्यानंतर मी दुरुस्त्या केल्या, टॅग एकही लावला नाही. त्या दिवसांत मी आकडा पाहिला होता, ओळी वाचल्या नव्हत्या. आता वाचल्या. 'यापुढचे टॅग मास लावील. कृपया त्याच्यावर लक्ष ठेवा.'

मी खरंच फक्त आवराआवर करायला गेलो होतो. आता टॅग लावायचा झाला की आधी सर्विजीला कळवतो. तो फार अदबीने म्हणतो, 'पाक, जरा थांबा हं, मी आधी एक प्रत काढून ठेवतो.' आणि मी थांबतो.