गाण्याआधीचा रिकामा तुकडा

जुन्या कॅसेटी साफ करून देणाऱ्या दुकानात मावशी आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या. पुढच्या बाईचं दुकानदाराशी चाललेलं बोलणं कानावर पडत होतं.

"ताई, गाण्याआधीच्या या रिकाम्या तुकड्यात नुसती खरखर आहे. यंत्राला हीच ऐकवतो, म्हणजे अख्ख्या गाण्यातून ते ती पुसून टाकेल."

"रिकामा कुठे हो, दादा? गाणं सुरू करण्याआधी माझी आई श्वास भरतेय तिथे."

"काय कान आहेत तुमचे! मला नाही बुवा ऐकू येत."

"मग यंत्राला तरी कुठून येणार? तिचा श्वासही खरखर म्हणूनच धरेल ना ते?"

"धरेल खरं."

"आई तर गेलीच. आता श्वासही गेला, तर मला कळेल?"

"नाही कळणार. गाणं उलट छान, स्वच्छ वाटेल."

दुकानदाराचं बोट यंत्राच्या बटणावर गेलेलं पाहून मावशी पाळी सोडून पुढे झाल्या.

"दादा, हात जोडते. आधी त्या बटणावरचं बोट उचला."