‘घेतली’चं बटण

निपाणीच्या दवाखान्यात शेजारी नवराबायको भांडायला लागली, तशी रुक्माबाई आपला गुडघा विसरून ऐकू लागली.

“अवो, साखर तीनशे कशी? फोनात तर रोज ‘गोळी घेतली’ हाय.”

“फुकटचं ॲप ते, कमला. रात्री आठला कोकलतंय, जेवून गोळी घ्या. आपण जैन माणसं, दिवस मावळल्यावर पाणी तरी पितो का?”

“मग?”

“गप बसावं म्हणून ‘घेतली’ दाबतो.”

“आणि वृषभ तिकडं बेंगळूरात आपल्या फोनात ‘घेतली’ बघून खूश! वेळ बदल म्हणायचं त्याला.”

“लेकानं हौसेनं बसवलंय गं.”

“जळ्ळी हौस! डॉक्टर आता ते बघून गोळी दुप्पट करतील.”

“भुजबली आप्पा, आत या!” सिस्टरनं हाक मारली.

“तू बस हितं. मी सांगतो खरं काय ते.”

“न्हाय. आत बी तुम्ही ‘घेतली’च म्हणणार.”