राणीच्या कपाळावरची टिकली

गाइडचा विषय निघालाच आहे, तर व्हिएन्नाचं सांगतो. सकाळपासून तिथला गाइड आम्हाला राजवाडे दाखवत होता आणि मला सगळे एकसारखेच दिसत होते. माझं नौपाड्यात साड्यांचं दुकान. तीच साडी घडी उलटून दुसरी म्हणून दाखवणं मला काय नवीन? म्हणून गुपचूप एका राजवाड्याच्या बागेतल्या राणीच्या पुतळ्याला बायकोच्या पर्समधली टिकली लावून ठेवली.

जेवणानंतरच्या राजवाड्यात बघतो, तर राणीच्या कपाळावर तशीच लाल टिकली! सगळ्या ग्रुपसमोर गाइडचा हात धरून ओरडलो, "पकडला! सकाळचाच राजवाडा परत दाखवतोय!"

बायको मागून कुजबुजली, "अहो, सोडा त्याला. सकाळच्या राणीला तुम्ही लावलीत, मग हिचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं?"