पाहुणीसाठी गाणं

बालगृहांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र सरकारी कार्यालयाच्या तपासनीस जोआनबाई दुपारच्या तपासणीआधी ओपोटिकी गावातल्या मासळीच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे, ज्याची तपासणी होणार होती त्याच बालगृहातली काहू आणि तिथे गाणी शिकवणारी विकीआजी.

"आज तपासणीवाल्या बाई येणार ना, आजी?"

"मग सांग त्यांना, 'माझ्या धाकट्या भावाला, तामातीला, तिकडे लांब गिस्बर्नच्या बालगृहात का ठेवलंय? आम्हाला एकत्र ठेवा' म्हणावं."

"कधी सांगू? आधी स्वागताचं गाणं, मग प्रार्थना, भाषणं, जेवण. जेवल्या की निघाल्या! मागच्या बाईंनी तर अहवालात लिहिलं, मुलं आनंदानं गात होती."

"तू गात होतीस?"

"सगळ्यांत मोठ्यानं."

"अगं, मग गाण्यातच सांग की! माझ्या आईनं जमिनीचं अख्खं भांडण पाहुण्यांसमोर गाऊन काढलं होतं. स्वागताचं गाणं मध्येच थांबवायची कुणाची छाती आहे?"

"पण गाणं माओरीत, बाईंना आपली भाषा येत नसेल तर?"

"शेजारच्याला विचारतील, पोरगी काय म्हणतेय? शेजारी कोण बसणार? तुमचे मोठे साहेब. सांगू देत त्यांनाच, सगळ्यांदेखत."

"मग तामातीचं नाव पहिल्या ओळीत घालू?"

"शेवटच्या. ती सगळ्यांना मिळून म्हणावी लागते."

काहू हळूच गुणगुणायला लागली.

दोघी मासे घेऊन गेल्या. "बाई, काय देऊ?" दुकानदारानं तिसऱ्यांदा विचारलं.

जोआनबाई चाल पाठ करत होत्या.