पाच मुठी

— हो, गाजरच आहे ते. आता बघितलंत ना, मग नीट बघून घ्या. दुपारच्या वेळी या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही, म्हणून काउंटरमागे खाली बसून खात होतो, तर नेमक्या तुम्ही आलात. बसा, त्या स्टुलावर बसा. ती थैली वर नका ठेवू, काउंटर आत्ताच धुतलाय, मांडीवरच असू दे. वरच्या मजल्यावर परवा भाड्याने आलात त्याच ना तुम्ही? वाटलंच. गल्लीतलं दुसरं कुणी असतं तर एव्हाना चौकापर्यंत बातमी गेली असती — खाटीक गाजर खातो. सुतार लाकूड खातो म्हटलं असतं तरी लोकांना एवढी मजा आली नसती. थांबा हो वहिनी, देतो काय हवं ते, हे तेवढं चावून होऊ दे. सक्तमजुरी आहे नुसती, चावतोय, चावतोय, संपतच नाही.

डॉक्टरने सांगितलंय. म्हणजे मी डॉक्टरचं ऐकतो असं नाही — मी कुणाच्याच बापाचं ऐकत नाही. दोन महिन्यांपूर्वी मागच्या जिन्यात सातव्या पायरीवर बसावं लागलं, एवढंच झालं, आणि बायकोने ओढत नेलं. तो डॉक्टर म्हणजे पोर आहे, मिसरूड नीट फुटलेलं नाही. मला कागदावर चित्र काढून दाखवतो — काका, ही रक्तवाहिनी, आणि हिच्यात आतून अशी चरबी साचते. कुणाला दाखवतोय? तीस वर्षं बोकड सोलतोय मी. चरबी कुठे धरते, कशी चिकटते, पिवळी कुठली, पांढरी कुठली — मीच त्याला शिकवलं असतं. मग म्हणाला, फळं-भाज्या मिळून रोज पाच मुठी. म्हटलं, कुणाची मूठ? म्हणाला, ज्याची त्याची. आता ही माझी मूठ बघा — बघा की, चावत नाही ती. ही एक मूठ म्हणजे एखाद्या घराची दोन वेळची भाजी झाली. अशा पाच. त्यापेक्षा बोकडच झालो असतो, निदान पाला तरी कुणी तोंडासमोर आणून धरला असता.

फरक? फरक कसला पडतोय. जिना चढतो आता, मध्ये बसत नाही, पण ते थंडी सरली म्हणून. सकाळी पोट साफ होतं — बायकांसमोर बोलू नये, पण तुम्ही विचारलंत. पट्टा दोन भोकं आत गेलाय, तर पट्टाच जुना आहे, सैल पडला असेल. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, तेही थांबलं. ब्रश बदलला असेल. परवा त्या पोराने रक्तदाब मोजला, मग पुन्हा मोजला, आणि हसला. हसायला त्याचं काय जातंय. गोळ्या मात्र सोडू नका म्हणाला — म्हणजे बघा, गाजरावर त्याचाही पुरता भरवसा नाही.

लपून का खातो म्हणता? जरा मान वळवून दारातून समोर बघा. पालकाच्या जुड्या, टोमॅटोचा ढीग, आणि काट्यामागे डोक्याला रुमाल बांधून बसलीय ती — ती माझी बहीण. धाकटी. सख्खी. नऊ वर्षं झाली, आमच्यात एक शब्द नाही. मधला रस्ता बारा पावलांचा आहे, मोजलाय मी. तिने मला गाजर खाताना बघायचं आणि मी ते बघू द्यायचं? या जन्मात नाही.

तिच्याकडून कशाला घेईन? पलीकडच्या बाजारातून आणायचो, पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीतून, वर मटणाचा कागद. लोक मटण लपवून नेतात, मी मटणाच्या कागदात भेंडी आणायचो. पण डॉक्टरचा कंपाउंडर तिचं गिऱ्हाईक निघाला. झालं, चाळणीत पाणी किती वेळ राहणार. एके सकाळी शटर उघडायला आलो तर बाहेरच्या आकड्याला एक कापडी पिशवी. आत गाजरं, बीन्स, दोन पेरू, सगळं धुऊन पुसून. वाटलं, कुणीतरी विसरलं. मग गाठ बघितली. आमची आई मारायची तशी गाठ — दोन टोकं वर काढून, सशाच्या कानांसारखी. ती गाठ आता जगात दोघांनाच येते, आणि मी काही मारली नव्हती.

परत करायला हवी होती, कबूल. पण अन्नावर राग काढू नये माणसाने. दुकान बंद करताना पिशवी घडी करून आकड्याला लावायची, सकाळी ती भरलेली. सहा आठवडे चाललं. याला बोलणं म्हणत नाहीत, वहिनी. पिशवी पिशवीशी बोलत असेल, मी नाही.

आणि आता तीन दिवस झाले. रिकामी तेवढी घेऊन गेली, भरलेली आलीच नाही. हे त्यातलं शेवटचं गाजर, वाकतंय बघा, चामडं झालंय नुसतं. काळजी? मी कशाला करू काळजी? दुकान उघडं आहे तिचं, हिंडतेय, फिरतेय, काल दोनदा खोकली. मी बघत नव्हतो. ऐकू आलं.

भांडण बाबांवरून. हे दुकान त्यांचं. त्यांना मटणाच्या कडेची चरबी लागायची, कुरकुरीत करून. मीच रोज काढून ठेवायचो. मग त्यांचंही असंच झालं — जिना, दम, डॉक्टर. धाकटी रोज दुपारी फळांची वाटी आणून ठेवायची. पपई, सफरचंद, अगदी बारीक चिरून, कारण बाबांचे दात गेले होते. ती गेली की बाबा वाटी माझ्याकडे सरकवायचे आणि डोळा मारायचे. आणि मी — मी ती मागच्या मोरीत ओतायचो. वाटी धुऊन पालथी घालायचो. दोन वर्षं. संध्याकाळी ती यायची, वाटी बघायची, आणि तिचा चेहरा असा उजळायचा. म्हणायची, बघ, पुसून खातात बाबा. मी म्हणायचो, हो ना, खातात.

इथेच गेले ते, मटण तोडायच्या या ओंडक्यापाशी. चार दिवसांनी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, आणि तिचं एकच चाललेलं — एवढं सगळं खाऊनही कसे गेले, दादा? रडायची आणि पुन्हा तेच. मला राहवलं नाही. म्हटलं, खाल्लंच नाही त्यांनी, मी ओतत होतो. तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि गेली. सहा महिन्यांनी समोर भाजीचं दुकान टाकलं. मला रोज दिसावं म्हणून, दुसरं काय.

— हे तुम्हाला कशाला सांगत बसलो मी? बायकोलासुद्धा वाट्यांचं माहीत नाही. पण आता निघालंच आहे तर तुम्हीच सांगा, वाट्यांनी वाचले असते का ते? डॉक्टर म्हणतो, तसं काही सांगता येत नाही. त्याला सांगता येत नाही, तर मी का मान खाली घालू? मला जिना चढता येतोय म्हणून? मला येतोय म्हणजे त्यांनाही आला असता, असाच अर्थ निघतो ना त्याचा? म्हणून म्हणतो, फरक पडत नाही. पडलेलाच नाही.

तर काय देऊ तुम्हाला? अर्धा किलो? — काहीच नको? मग आलात कशाला? आणि थैलीतून हे काय काढताय...

ही पिशवी तुमच्याकडे कशी? ही गाठ — तिने दिली? मग मघापासून बोलला का नाहीत? हो, हो, मीच बोलू दिलं नाही. बरोबर आहे, गल्लीतल्या कुणाला ती सांगणार नाही, नव्या माणसालाच सांगणार. काय म्हणाली? आपले शब्द घालू नका, ती म्हणाली तसंच सांगा.

'रिकामी पिशवी नको. रिकामं मी आधी बघितलंय, दादा.'

दादा म्हणाली? नक्की ना?

हं.

जरा बाजूला व्हा. नाही, कुठे जात नाही, दारापर्यंतच. मी कुणाची माफी मागायला चाललो नाही, आधीच सांगून ठेवतो. आत उजेड कमी आहे, एवढंच. हे वाकलेलं राहू दे, यातलं ताजं घेतो — हे बघा, हे मोडलं तर बारा पावलांवर आवाज जाईल. बघतेय ना ती? बघू दे. तुम्ही निघा आता, वहिनी, काय हवं ते संध्याकाळी न्या. पाच मुठी संपेपर्यंत मी या दारातून हलणार नाही, आणि तोंडात घास असताना बोलू नये, असं आमची आई सांगायची.