ताकदीची सलाईन

कुरुंद्याच्या माझ्या माणसांनो,

सगळे जमलात. बोलायला उभा राहिलो. सुधाकरदादा, मी नकोच म्हणत होतो. "भाऊ माझा गेलाय, तू गौतमचा दोस्त, तू बोल," असं तुमीच म्हणालात. आता ऐकून घ्या.

गौतम आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तो वसमत डेपोत ड्रायव्हर झाला, मी तिथंच दाताचा दवाखाना टाकला. ड्युटी संपली की यायचा, पेशंटच्या खुर्चीत ऐसपैस बसून चहा मागायचा.

एक दिवस दाढ धरून आला. लई तकलीफ होती. मी विचारलं, काही औषध चालू हाय का? सगळ्यांनाच विचारतो. तो म्हणाला, "नांदेडला सलाईन घेऊन राहिलो, ताकदीची. दादानं सांगितलंय."

ताकदीची.

मी दाढ काढली. जखम भरेना. पंधरा दिवस, महिना. शेवटी नांदेडचे कागद मागवले. सलाईनमधलं औषध कॅन्सरच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत न्हाई. गाठीचा रक्तपुरवठा तोडतं. पण जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात. ते चालू असताना दाढ काढायची नसते. हे मला ठाऊक होतं, दादा. फक्त त्याला तेच औषध चालू हाय, हे ठाऊक नव्हतं.

चूक माझीही हाय. कागद आधीच मागायचे होते. मी मित्राच्या शब्दावर विसंबलो, तो भावाच्या.

जखम चिघळली म्हणून डॉक्टरांनी औषध थांबवलं. गाठ थांबली न्हाई.

तो घाबरंल म्हणून तुमी त्याला कॅन्सरचं सांगितलं न्हाई. माया होती, कबूल. पण मला काहून न्हाई सांगितलं? या मंडपात किती जणांना माहीत होतं! माझ्या दवाखान्यावरून रोज जाता तुमी.

शेवटच्या आठवड्यात त्याला कळलं. मी उशाशी होतो. म्हणाला, "तू त डॉक्टर. दाढ काढली तवा तुला बी माहीत होतं ना?"

न्हाई म्हणालो. लेकरांची शपथ घेतली. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचा रिवाज हाय. मी ते मागणार न्हाई. वर्षभर सगळे गप्पच होते, कागद पाहिल्यावर मीही. दादा, तुमी पुढं या. त्याच्या फोटोसमोर मोठ्यानं सांगा, की दाढ काढली तवा तुझ्या या दोस्ताला माहीत नव्हतं.

माझं त्यानं ऐकलं न्हाई. तुमचं तो ऐकायचा.

गौतम, जयभीम.