एक्केचाळीस वेळा ‘खाली बस’

हॅलो?… हो ताई, संजीवनीच. मोजून झालं… अगं ऐक ना. कालच्या सामन्याच्या व्हिडिओखाली एकूण सहाशे बारा कमेंट. तीनशे अठरा कौतुकाच्या. सत्त्याण्णव नुसते हसरे-रडके चेहरे. टोमणे धरून एकशे छप्पन शिव्या. आणि एक्केचाळीस वेळा ‘खाली बस’…

हो, माहितीये, तेच लागलंय तुला… म्हणून उद्या सेमीफायनलला उतरणारच नाहीस? सरांना काय सांगितलंस?… घोटा दुखतोय. कुठला?… बघ, तुलाच आठवेना.

शिव्या एकशे छप्पन, पण देणारी माणसं तेवीस… हो, नावं लिहून काढलीत. एकट्यानंच चौतीस दिल्यात. फोटोत त्याचं पोट मावत नाही, आणि तुला पकड शिकवतोय…

थांब, ट्रक गेला… किकवीच्या स्टॉपवर. भोरची एसटी अजून नाही.

तर ‘खाली बस’ सगळं एकाच खात्यावरून. नाव ‘डोंगरचा वाघ’. आणि वाघानं बाकी फोटो टाकलेत ते फक्त एका गाईचे. डावं शिंग मोडलेलं…

हां. सोनबातात्यांचीच गाय.

अगं, तेच तात्या. शाळेच्या मैदानात तुला कबड्डी शिकवली ते… विचारलं ना, आत्ता त्यांच्याकडूनच येतेय. मुलानं नवा मोबाईल दिलाय. म्हणाले, “पोरगी लई लांब ग्येली. हितनं वरडलेलं ऐकू जात न्हाई. म्हून लिवतो.”

नाही गं, शिवी कुठली? समोरची चढाईला आली की तात्या कडेला उभं राहून काय ओरडायचे?… हां. तेच.

काल समोरच्यांच्या चढाया किती झाल्या? मी मोजल्या. एक्केचाळीस.

…ताई? रडतेयस?… बरं, सर्दी म्हण.

आणि तात्यांचं चुकलेलं नाही. व्हिडिओ थांबवून तुझ्या उंचीवरून हिशेब केला मी. पहिल्या सामन्यात पकडीला उभी राहिलीस तेव्हा कंबर जमिनीपासून अडीच वीत. काल साडेतीन. मधे काय झालं? तुझी ती केस मागे टाकून ताठ उभी असलेली रील. चाळीस हजार लाइक. तेव्हापासून तू तशीच उभी… हो, छान दिसतेस. चढाईवालीही छान निघून जाते.

मग उद्या बसायचंच आहे, तर बाकावर कशाला?…

हो, हो… आणि सरांना काय सांगणार?… घोट्याला आराम पडला. इतक्यात?

बरं, शेफाली आहे ना खोलीत? तिला मोजायला सांग… टेप कशाला, वीत चालेल. तिची वीत तुझ्याएवढीच आहे ना? आधी लावून बघा… आहे? मग मोबाईल स्पीकरवर टाकून खाली ठेव. दोन्ही हात मोकळे. बस… इतक्यात बसलीस? शेफाली, मोजू नको अजून, ती फसवतेय. अजून खाली… हां, आता.

किती?…

दोन वीत, चार बोटं. लिहिलं.